गंजून जाम झालेले सस्पेन्शनचे बोल्ट कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअप, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बार सस्पेन्शनला जोडणारी छोटी कांडी) किंवा बुश (जोडातलं रबर) बदलणं हे तसं अवघड काम नाही. सगळा वेळ खातो तो एखादा गंजून बसलेला बोल्ट. अशा वेळी बहुतेक जण आधी लांब पाइप शोधतात. माझं सांगणं उलट आहे: बोल्ट कुठे धरलाय ते आधी शोधा, मग जोराचं बघू. आट्यांमध्ये धरलेला बोल्ट, बुशच्या नळीत धरलेला बोल्ट आणि लोखंडी भोकात धरलेला बोल्ट हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचे उपायही वेगळे आहेत.

बोल्ट इतका घट्ट का बसतो? आवळताना तर एवढा जोर लावला नव्हता.

गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान दुपटीहून अधिक होतं. बोल्ट आणि नटच्या आट्यांमधली फट मुळात केसाएवढी. त्या फटीत गंज फुगला की तो दोन्ही बाजूंना पाचरीसारखा दाबून बसतो. म्हणून आवळताना १०० न्यूटन-मीटर लागलेला बोल्ट दहा वर्षांनी ३०० लावूनही हलत नाही.

सस्पेन्शनवर हे जास्त होतं, कारण हे बोल्ट चाकाच्या फवाऱ्यात असतात. पाणी, चिखल, समुद्राकाठची खारी हवा, बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळं थेट त्यांच्यावर येतं. आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) किंवा आर्ममधून जातो, तिथे गंजाखेरीज दोन धातूंमधली विद्युत-रासायनिक झीजही होते. ॲल्युमिनियमची पांढरट भुकटी बोल्टभोवती दाबून बसते. ती गंजापेक्षाही चिवट असते आणि तिच्यावर तेलाचा फारसा परिणाम होत नाही.

बोल्ट कुठे धरलाय हे कसं ओळखायचं?

नट आणि बोल्टच्या डोक्यावर खडूने किंवा पेंटने एकेक रेघ मारा. मग नटवर हळूहळू जोर लावा आणि रेघांकडे बघा.

नट आणि बोल्ट दोन्ही गच्च, काहीच हलत नाही: आटे धरलेत. ही सगळ्यात साधी केस. तेल, ठोके आणि गरम करणं यांपैकी काहीतरी काम करतंच.

नट सुटला, पूर्ण निघालाही, पण बोल्ट फिरत नाही आणि ठोकून मागेही सरकत नाही: बोल्टचा आटे नसलेला मधला दांडा भोकात किंवा नळीत धरलाय. इथे नटावर ओतलेलं तेल वाया जातं. तेल दांड्यापर्यंत पोचवायला हवं.

बोल्ट थोडा फिरतो, मग स्प्रिंगसारखा जड होत जातो आणि पाना सोडला की मागे येतो: बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टला चिकटलीय आणि तुम्ही रबराला पीळ देताय. ही सगळ्यात त्रासदायक केस. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथी केस म्हणजे बोल्ट गोल गोल फिरतोय, हाताला जडही लागतोय, पण बाहेर काही येत नाही. तिथे आतला वेल्ड केलेला नट त्याच्या जागेवरून सुटला असण्याची शक्यता जास्त.

कामाला हात घालण्याआधी काय तयारी ठेवावी?

नवे बोल्ट आणि नट आधी आणून ठेवा. कापावा लागला तर कापता येईल ही मोकळीक असली की माणूस घाईघाईत चुकीचा जोर लावत नाही. सस्पेन्शनचे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले कुठलेही चालत नाहीत. डोक्यावरचे आकडे बघा: ८.८ म्हणजे ताणात साधारण ८०० मेगापास्कल सोसणारा, १०.९ म्हणजे १०००. आटेही बहुतेकदा बारीक पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर कमी असलेले) असतात, एम१२ ला, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला, १.२५ किंवा १.५ मिलिमीटर. त्यामुळे लांबी, आटे नसलेल्या दांड्याचं माप आणि ग्रेड तिन्ही जुळायला हवेत. कंपनीचा पार्ट नंबर बघून घेणं उत्तम.

दुसरी तयारी म्हणजे वायर ब्रश. बाहेर आलेल्या आट्यांवरचा गंज आणि चिखल घासून काढल्याशिवाय नट फिरवू नका. नाहीतर नट त्या कचऱ्यावर चढतो आणि सुटलेला बोल्ट अर्ध्यावर पुन्हा अडकतो. आट्यांचा शेंडा खूपच खराब असेल तर नटाच्या पुढचा मोकळा भाग ग्राइंडरने कापून टाका. नटाला तेवढंच कमी अंतर यावं लागतं.

गाडीखाली सुरक्षित राहण्यासाठी काय करावं?

याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही. जाम बोल्टवर आपण गाडीला आडवे हिसके देत असतो आणि जॅक नेमका आडव्या हिसक्यानेच कलंडतो. सपाट, कठीण जमीन, दणकट जॅक स्टँड, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. स्टँडवर ठेवल्यावर पाना लावण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा.

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच. गंजाचे कण वरून थेट डोळ्यांत पडतात. पाना शक्यतो आपल्याकडे ओढा, ढकलू नका. बोल्ट अचानक सुटला तर ढकलणारा हात समोरच्या लोखंडावर आपटतो. ढकलावंच लागलं तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकला.

आणखी एक. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या) माथ्यावरचा मधला नट हा स्प्रिंगला दाबून धरणारा नट असतो. स्प्रिंगला कम्प्रेसर लावून ती दाबल्याशिवाय तो कधीही खोलायचा नाही. तो जाम असेल तरी नाही, फक्त थोडा सैल करून बघायचा असेल तरी नाही. स्ट्रट बाहेर काढण्यासाठी त्याच्याभोवतीचे माउंटिंगचे नट वेगळे असतात, तेवढेच खोलायचे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

कोणतं तेल वापरावं? डब्ल्यूडी-४० चालतं का?

डब्ल्यूडी-४० या नावाचा अर्थच पाणी हटवणारा चाळिसावा फॉर्म्युला असा आहे. १९५३ साली ते गंज रोखण्यासाठी तयार झालं. जाम बोल्टवर ते थोडंफार काम करतं, पण खास आट्यांमध्ये शिरण्यासाठी बनवलेलं पातळ पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडतं. त्याच कंपनीचंही असं वेगळं उत्पादन आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळूनही अनेक जण वापरतात. ते काम करतं, पण दोन्ही लवकर वेगळे होतात, म्हणून लावताना हलवत राहावं लागतं. ॲसिटोन क्षणात पेट घेतं, त्यामुळे त्याच दिवशी तिथे ज्योत वापरायची असेल तर हे मिश्रण नको.

ब्रँडपेक्षा वेळ महत्त्वाचा. काम रविवारी असेल तर शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी आणि शनिवारी रात्री तेल मारा. दर वेळी मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. कंपनांमुळे गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत जातं. मधल्या काळात गाडी चालवलीत तर आणखी चांगलं. मात्र ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर तेलाचा थेंब उडता कामा नये. मी आधी डिस्कभोवती कापड गुंडाळतो, मग डबा उचलतो.

कोणता पाना घ्यावा?

सहा कोनी सॉकेट. बारा कोनी सॉकेट आणि रिंग पाना रोजच्या कामाला ठीक, पण गंजलेल्या बोल्टवर ते फक्त कोपऱ्यांवर जोर देतात आणि कोपरे गोल करतात. फिक्स पान्याने तर पहिला प्रयत्न करूच नका. सॉकेट लावण्याआधी बोल्टचं डोकं वायर ब्रशने स्वच्छ करा आणि सॉकेट हातोडीने ठोकून पूर्ण खाली बसवा. गंजामुळे १९चं डोकं झिजून १८.५ झालेलं असतं. अशा वेळी १८चा किंवा जवळच्या इंची मापाचा सॉकेट ठोकून बसवला तर पक्की पकड मिळते.

अर्ध्या इंची ड्राइव्हचा लांब ब्रेकर बार घ्या. रॅचेटवर जोर लावू नका, तिचे आतले दात तुटतात.

पाइप लावून जोर वाढवावा का?

हिशेब करून बघा. ६० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकावर ५० किलोचा जोर लावला तर जवळपास २९५ न्यूटन-मीटर होतात. तोच दांडा पाइप लावून एक मीटरचा केला तर ४९०. एम१२चा ८.८ ग्रेडचा बोल्ट एवढ्यात सहज तुटतो. एम१४, एम१६च्या जाड बोल्टांना लांब दांडा ठीक आहे. एम१०ला कधीच नको.

जोर लावताना हाताकडे लक्ष द्या. बोल्ट सुटायचा असेल तर बहुतेकदा कट्ट असा आवाज येऊन तो एकदम थोडा सरकतो. तुटायचा असेल तर मऊ लागतो, पाना हळूहळू पुढे जातो, आवाज काहीच नाही. हा मऊपणा जाणवला की लगेच थांबा. बोल्टला पीळ बसतोय. आता जोर नको, उष्णता हवी.

आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून बघणं ही जुनी युक्ती खरंच चालते. कुठल्याही दिशेने का होईना, गंजाची पकड एकदा मोडली की काम अर्धं झालं. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. सुटायला लागलेला बोल्ट सलग फिरवत नेला की गंजाची भुकटी आट्यांत दाबली जाते आणि तो निघता निघता मध्येच धरतो. असे तुटलेले बोल्ट मी भरपूर पाहिलेत.

इम्पॅक्ट गन वापरली तर बोल्ट तुटत नाही का?

लांब पाइपच्या मानाने गनवर बोल्ट तुटण्याचा धोका कमी. गन सलग पीळ देत नाही, छोटे छोटे झटके देते. गंज ठिसूळ असतो, झटक्यांनी तो मोडतो. कमी ताकदीवर सुरू करा, दोन-तीन सेकंद सोडण्याच्या दिशेने, मग क्षणभर आवळण्याच्या दिशेने, असं आळीपाळीने. गनवर फक्त काळे इम्पॅक्ट सॉकेट. चकचकीत क्रोमचे सॉकेट कडक पण ठिसूळ असतात, झटक्यांनी फुटतात आणि तुकडे उडतात.

गरम कसं करायचं? आणि काय गरम करायचं नाही?

तेल आणि ठोके दोन्ही हरले की उष्णता. गरम करायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुगला की भोक मोठं होतं. पोलाद दर अंशाला साधारण १२ दशलक्षांश फुगतं. म्हणजे १२ मिलिमीटरचं भोक ४०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०६ मिलिमीटर मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तो पुरतो. शिवाय बोल्ट आणि नट वेगवेगळ्या वेगाने तापतात, त्या ओढाताणीने गंज भेगाळतो.

ज्योत नटाच्या कडांवर फिरवत राहा. नट मंद लालसर झाला की पुरे. मग लगेच सैल करायचा प्रयत्न करा किंवा थोडा थंड होऊ देऊन आट्यांना मेणबत्तीचं मेण लावा. गरम धातूवर मेण वितळून आत ओढलं जातं. तापलेल्या नटावर पेनिट्रेटिंग ऑइलचा स्प्रे मारू नका, तो भडकतो.

इंडक्शन हीटर मिळत असेल तर तो सर्वांत चांगला. नटाभोवती कॉइल ठेवायची, अर्ध्या मिनिटाच्या आसपास नट लाल, ज्योत नाही, शेजारचं रबर बहुतेकदा वाचतं. ज्यांना हे काम वारंवार करावं लागतं त्यांनी तो घ्यावाच असं माझं मत आहे.

आता काय टाळायचं. शॉकअपच्या नळीला ज्योत लावायची नाही, आत दाबाखालचा वायू आणि तेल असतं. द्रव भरलेले बुश तापवले तर फुटून गरम द्रव अंगावर उडतो. जवळून जाणारे ब्रेकचे होज, इंधनाच्या नळ्या, एबीएसच्या वायरी, एक्सलचे रबरी बूट बाजूला करा किंवा ओल्या जाड कापडाने झाका. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट तापले की निघणारा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, त्याने ताप भरतो. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर जिथे मारलाय तिथे ज्योत किंवा वेल्डिंग कधीही नाही. त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. तो भाग आधी पुसून पूर्ण वाळू द्या, किंवा असा क्लीनर वापरूच नका. अग्निशामक हाताशी असू द्या आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी गाडीजवळून हलू नका.

ॲल्युमिनियमच्या नकलची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर लाल होऊन इशारा देत नाही. त्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. पण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून तिथे हीट गनची सौम्य उष्णताच पुरते.

लोअर आर्मचा बोल्ट फिरतोय, पण बाहेर येत नाही. काय करू?

हाच तो नळीचा प्रकार. बुशची रचना अशी असते: बाहेर आर्ममध्ये दाबून बसवलेलं रबर, रबराच्या पोटात लोखंडी नळी, नळीतून जाणारा बोल्ट. नट आवळला की नळी सबफ्रेमच्या (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं त्या लोखंडी चौकटीच्या) दोन कानांमध्ये, म्हणजे बोल्टचं भोक असलेल्या पट्ट्यांमध्ये, चिमटली जाते. नळी आणि बोल्ट यांच्यातल्या बारीक फटीत वर्षानुवर्षं पाणी साचतं. तिथे गंज धरला की नळी आणि बोल्ट एकजीव होतात.

बोल्टच्या डोक्यावर बार लावा आणि फिरवताना कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. नळीची चकचकीत कड बोल्टसोबत फिरताना दिसते, तिच्याभोवती रबराच्या घड्या पडतात. बार सोडला की सगळं मागे फिरतं. हे दिसलं की निदान पक्कं.

पहिला उपाय: त्याच फटीतून दोन्ही बाजूंनी नळीच्या तोंडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, बारीक नळीच्या स्प्रेने. नट परत दोन-चार आटे लावा, म्हणजे बोल्टचा शेंडा ठोक्यांनी पसरणार नाही. एका बाजूने डोकं इम्पॅक्ट गनने मागे-पुढे फिरवत असतानाच दुसऱ्या बाजूने शेंड्यावर एअर हॅमर किंवा घण. फिरणं आणि ठोके एकाच वेळी. एकट्याने हे होत नाही, दुसरा माणूस लागतो.

दुसऱ्या बाजूचा नट सबफ्रेमला वेल्ड केलेला असेल तर सावध. बोल्ट आट्यांतून सुटत बाहेर येऊ लागतो, पण चिकटलेली नळी त्याच्यासोबत येऊन डोक्याकडच्या कानावर आतून दाबते. कान बाहेर वाकताना दिसला की तिथेच थांबा. सबफ्रेमचा कान वाकवण्यापेक्षा बोल्ट कापणं केव्हाही स्वस्त.

कापायचा निर्णय झाला की मन मोकळं करून कापा. आर्म आणि बुश तसेही बदलायचेच आहेत. रेसिप्रोकेटिंग सॉला लांब कार्बाइड ब्लेड लावा, ते कान आणि बुश यांच्या फटीत घाला आणि दोन्ही बाजूंनी नळीसकट बोल्ट कापा. दोन काप पूर्ण झाले की आर्म खाली येतो. डोक्याकडचा तुकडा हाताने निघतो, आणि नटात उरलेला तुकडा आता नळीपासून मोकळा असल्यामुळे लॉकिंग प्लायरने धरून फिरवता येतो. ब्लेड कानाला घासणार नाही एवढं सांभाळा. कार्बाइड ब्लेड महाग वाटतं, पण १०.९च्या बोल्टवर साध्या ब्लेडचे दात लगेच जातात.

नळीत धरलेल्या बोल्टसाठी बुश जाळून टाकण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. मी तो देत नाही. जळणाऱ्या रबराचा धूर विषारी, आग विझता विझत नाही, आणि एवढं करून नळी बोल्टलाच चिकटलेली राहते.

लिंक रॉडचा नट फिरवला की पिनही सोबत फिरते.

पिनच्या टोकात ॲलन किंवा टॉर्क्सची खाच असते. तिथे की घालून पिन धरायची आणि रिंग पान्याने नट फिरवायचा. काही लिंकना मागच्या बाजूला, रबरी टोपीलगत, पातळ फिक्स पाना बसेल अशा दोन सपाट बाजू असतात. खाचेतला गंज आधी खिळ्याने उकरून काढा आणि की ठोकून बसवा. तरीही खाच घसरली तर वेळ घालवू नका. नवा लिंक हातात आहेच. ग्राइंडरच्या पातळ डिस्कने नट उभा कापा किंवा पिन सरळ छाटा. फक्त स्टॅबिलायझर बारच्या कानाला काप लागू देऊ नका.

स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन मोठे बोल्ट कसे काढायचे?

बऱ्याच गाड्यांत या बोल्टांच्या डोक्याखाली दाते असतात, ते भोकात रुतून बोल्टला फिरू देत नाहीत. म्हणून डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचा. डोकं फिरवलं तर दाते भोक खरवडतात. नट शेंड्याच्या पातळीला आणून त्याच्यावर घणाने ठोका, बोल्ट हलला की नट काढून पितळी किंवा मऊ लोखंडी पंचने पुढे ढकला. वरच्या बोल्टला कॅम्बरची (चाकाचा उभा कल बदलण्याची) सोय असेल तर काढण्याआधी त्याची जागा खुणेने टिपून घ्या.

बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट?

हा आडवा बोल्ट बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोलाकार सांध्याच्या) पिनवरच्या खाचेतून जातो. म्हणजे पिन खेचून काढायची असेल तर बोल्ट पूर्ण बाहेरच यावा लागतो, नुसता सैल करून भागत नाही. भोक बरेचदा आरपार असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी गंजतो. नकल पोलादी किंवा बिडाची असेल तर भोकाभोवती गरम करणं सर्वांत चांगलं, पण आधी एबीएस सेन्सर काढून ठेवा. बोल्ट निघाल्यावर नकलची चीर पाचर घालून किंचितच उघडा. जास्त फाकवली तर बीड तडकतं आणि मग पूर्ण नकल बदलावी लागते. बोल्ट तुटला तर इथे घरच्या घरी ड्रिल मारण्यापेक्षा नकल काढून लेथवाल्याकडे नेणं मला पटतं. भोक थोडं जरी तिरपं झालं तरी नवा बोल्ट नीट बसत नाही, आणि हा जोड चाकाला धरून ठेवणारा आहे.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा) किंवा बॉल जॉइंटची निमुळती पिन सुटत नाही.

इथे गंज कमी, निमुळत्या बसणीची पकड जास्त. नट शेवटच्या आट्यांवर ठेवा, आणि नकलच्या कानाच्या बाजूवर, पिनवर नव्हे, घणाचे एक-दोन सणसणीत ठोके द्या. कान क्षणभर दबतो आणि पिन उडी मारून सुटते. ॲल्युमिनियमच्या कानावर ठोकू नका, पुलर वापरा. दुतोंडी काट्याने रबरी बूट फाटतो, म्हणून जॉइंट परत वापरायचा असेल तर तो टाळा.

बोल्टच्या कडा गोल झाल्या.

आतून उलटे पीळ असलेला खास सॉकेट ठोकून बसवा. तो जितका फिरवाल तितका रुततो. तो नसेल तर डोक्यावर मोठा नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्ड करा. नवी कड मिळते आणि वेल्डिंगची उष्णता आतपर्यंत जाते, ती खरी कामाची. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची केबल काढा आणि अर्थ शक्य तितकी बोल्टजवळ लावा. उरलेला मार्ग छिन्नीचा: नटाच्या कडेवर तिरपी ठेवून सोडण्याच्या दिशेने ठोके. नट स्प्लिटर मोकळ्या जागी छान चालतो, पण सस्पेन्शनमध्ये त्याला जागाच क्वचित मिळते.

बोल्ट आतच तुटला. आता?

तुकडा थोडा तरी बाहेर असेल तर त्याच्यावर नट वेल्ड करणं हा पहिला पर्याय. आत असेल तर आधी तोंड सपाट करा, बरोबर मध्यात सेंटर पंच मारा आणि उलट्या पिळाच्या ड्रिलने सुरुवात करा. डाव्या पिळाचं ड्रिल सोडण्याच्या दिशेनेच फिरतं, त्यामुळे बऱ्याचदा तुकडा ड्रिल करतानाच निघून येतो. कमी वेग, भरपूर कटिंग ऑइल, घट्ट दाब. ड्रिल फिरत असताना सैल हातमोजे नकोत.

इझी-आउट प्रकारच्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा फार भरवसा नाही. जो बोल्ट जाड बारला सुटला नाही, तो त्याच्या पोटातल्या बारीक एक्स्ट्रॅक्टरला कसा सुटेल? आणि एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. गरम करूनच वापरा, आणि पीळ जाणवला की थांबा.

पूर्ण ड्रिल करून नवे आटे पाडायचे झाले तर ड्रिलचं माप म्हणजे बोल्टचा व्यास वजा पिच. एम१२ x १.५ साठी १०.५, एम१० x १.५ साठी ८.५ मिलिमीटर.

आतला वेल्ड केलेला नट सुटून बोल्टसोबत फिरतोय.

नट सबफ्रेमच्या किंवा बॉडीच्या पोकळीत असतो, त्यामुळे आधी जवळपास एखादं मूळ भोक आहे का ते बघा. तिथून पाना किंवा छिन्नी घालून नट अडवता येतो. नसेल तर खिडकी कापून नट धरावा लागतो, मग नवा नट वेल्ड करून खिडकी बंद करायची. ताकद वाहणाऱ्या भागात कुठे कापायचं आणि कसं भरायचं हे जाणत्या वेल्डरवर सोपवा.

जुना बोल्ट साफ करून परत वापरला तर?

लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट किंवा नट परत वापरायचा नाही. ८.८ आणि १०.९ ग्रेडची ताकद पाणी देऊन आणलेली असते, साधारण ४०० अंशांच्या पुढे तापवलं की ती उतरते. बाहेरून फरक दिसत नाही. नायलॉनचं कडं असलेले नट आणि ठरावीक अंशात फिरवून ताणायचे बोल्टही एकदाच वापरायचे. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर तोही फेकून द्या.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून ग्रीस किंवा अँटी-सीझ लावावं का?

दांड्याला आणि नळीच्या आत, हो, पातळ थर. तिथेच पाणी साचतं आणि तिथे लावल्याने टॉर्कवर परिणाम होत नाही. आट्यांना आणि डोक्याखाली मात्र कंपनीने सांगितलं असेल तरच. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणात जातो आणि उरलेल्याने बोल्ट ताणला जातो. आट्यांना वंगण लागलं की घर्षण घटतं आणि पुस्तकातल्या त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. काही बोल्टांच्या आट्यांवर कारखान्यातूनच लॉकिंग कंपाउंड असतं, त्याच्यावर काहीही लावायचं नाही. ॲल्युमिनियममध्ये तांब्याच्या अँटी-सीझऐवजी ॲल्युमिनियम किंवा निकेलवालं वापरा. सगळं आवळून झाल्यावर बाहेर उघड्या राहिलेल्या आट्यांवर मेणासारखा गंजरोधक फवारा मारा.

नवे बोल्ट गाडी वर असतानाच आवळायचे का?

रबरी बुशमधून जाणारे बोल्ट नाही. चाक लोंबकळत असताना आवळले तर नळी त्या स्थितीत पकडली जाते आणि गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. गाडी वर असताना बोल्ट फक्त टेकवून ठेवा. मग गाडी चाकांवर उतरवून, किंवा नकलखाली जॅक लावून आर्म नेहमीच्या उंचीला आणून, टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. जॅकने उचलताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, हे बघत राहा.

अलाइनमेंट लागेलच का?

लोअर आर्म, टाय रॉड एंड, स्ट्रट किंवा कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलणारा बोल्ट) यांपैकी काही सुटलं असेल तर लागेलच. फक्त लिंक रॉड बदलला असेल तर गरज नाही. मागच्या चाकांचे टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बसवणारे कॅम बोल्ट जाम असतील तर अलाइनमेंटवाला तिथेच हात टेकतो. म्हणून ते आधी मोकळे करून, किंवा कापून नवे बसवून मगच गाडी न्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी जमिनीवर असतानाच सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा आणि प्रत्येकावर पेंटची रेघ मारा, पुढच्या वेळी नट सरकला असेल तर लांबूनच दिसेल.